‘बासिलेउस’ ह्या शब्दाचा बोध

शास्त्रपाठ : लूक २२:२४–२७



ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले, त्याच रात्री भोजनास बसलेले शिष्य आपणांत मोठा कोण म्हणून वाद घालीत होते. तेव्हा प्रभूने त्यांस राष्ट्रांच्या राजांचे उदाहरण दिले. लूकाने तेथे राजा ह्या अर्थी योजिलेला ग्रीक शब्द ‘बासिलेउस’ हा होय. ह्या शब्दाचा वृत्तांत मनन करण्याजोगा आहे.

ग्रीस देशात मातीच्या अतिप्राचीन पाट्या सापडल्या आहेत. त्यांवरील लिपी मायकेल व्हेंट्रिस ह्या इंग्रज गृहस्थाने १९५२ साली उलगडली. ख्रिस्तापूर्वी सुमारे बाराशे वर्षांच्या त्या लेखांत हा शब्द आढळतो, परंतु राजा ह्या अर्थी नव्हे. राजास तेव्हा ‘वानाक्स’ म्हणत. बासिलेउस हा त्याच्या हाताखालचा स्थानिक मुख्य, कित्येकदा काशाचे काम करणाऱ्या कारागिरांवरचा मुकादम असे. पुढे ती राज्ये लयास गेली, आणि मुकादमाचे नाव राजपदास चढले. सिकंदरानंतरच्या राजांनी तर त्यास ‘सोतेर’, म्हणजे तारणारा, असे बिरुदही जोडिले.

हा शब्द आपल्या देशातही आला. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात वायव्येस राज्य करणारा मेनान्दर, ज्यास बौद्ध ग्रंथ मिलिंद म्हणतात, त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीकमध्ये ही दोन्ही पदे व दुसऱ्या बाजूस प्राकृतात महाराज आणि त्राता अशी पदे आहेत. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या ग्रंथावरून कळते की, ती जुनी नाणी भडोचास तेव्हाही चालत असत. आपल्या दिघ्याजवळच्या कल्याण बंदराचेही नाव त्यात आहे. राजा बदलताच तेथील व्यापार अडविला गेला, आणि चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचास नेली जात. राजांची सत्ता अशीच असते. एक उघडतो, दुसरा बंद करतो.

बंधूंनो, तो शब्द खालून वर चढला. आपला प्रभू वरून खाली उतरला. बेथलेहेमच्या मेंढपाळांस देवदूताने सांगितलेला तारणारा हाच खरा ‘सोतेर’ होय (लूक २:११). वधस्तंभावरील फलकावर ‘बासिलेउस’ हेच पद लिहिले होते (योहान १९:१९–२०). परंतु त्याचा मुकुट काट्यांचा होता. शिष्यांस तो म्हणाला की, मी तुम्हांमध्ये सेवा करणाऱ्यासारखा आहे.

कारखान्यांच्या ह्या पट्ट्यात मुकादमाचा दरारा कसा असतो हे मजुरी करणाऱ्यांस सांगावयास नको. तोच दरारा आपण मंडळीत आणितो काय? पंच निवडताना, पुढच्या खुर्चीसाठी, शिष्यांचा तो वाद आपणांत पुन्हा उठतो काय? उपदेशक बंधूंनो, मीही निर्दोष नाही. कोणी ‘पाळकसाहेब’ म्हणून हाक मारिली की माझ्या मनास गोड वाटते. मग आजाऱ्याच्या खोपटात वाकून शिरावयास जड जाते.

यास्तव ह्या आठवड्यात प्रत्येकाने असे एक काम करावे, जे केल्याने आपला मान वाढणार नाही, पण कोणाचा तरी भार हलका होईल. त्याचे राज्य येवो अशी प्रार्थना करणाऱ्यांस त्या राज्याची रीत हीच आहे. आमेन.