जीर्णाचा उद्धार



वारीच्या वाटेवर एका गावी आमचा मुक्काम पडला होता. गाव लहान, पण भजनाची गोडी मोठी. रात्री कीर्तन आटोपले, आरती झाली आणि मंडळी पांगण्याच्या सुमारास पाच-सहा जाणती माणसे जवळ येऊन बसली. म्हणाली, "महाराज, एक विचारायचं होतं. आमचं देऊळ हेमाडपंती आहे. पावसाळ्यात गळतं, दोन खांब कलले आहेत. पोरांनी मुंबई-पुण्याहून वर्गणी गोळा केली आहे. जुनं उतरवावं आणि सिमेंट-काँक्रीटचं उंच शिखराचं नवं बांधावं, असा बेत आहे. जीर्णोद्धाराचा नारळ तुमच्या हातानं फुटावा."

आम्ही लगेच होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "सकाळी बोलू," एवढेच म्हटले. सकाळी काकड्यानंतर त्यांस जे सांगितले, तेच येथे आपणांपुढे ठेवीत आहो. कारण हा प्रश्न त्या एका गावाचा नाही.

आधी शब्दच पाहा. जीर्णोद्धार म्हणजे जीर्णाचा उद्धार. जे थकले, खचले, त्याला हात देऊन वर काढावयाचे. म्हाताऱ्या आईला दिसेनासे झाले तर आपण तिच्या डोळ्यांवर उपचार करतो, तिला हात धरून देवळात नेतो. आई जुनी झाली म्हणून कोणी दुसरी आणीत नाही. मग देवळाच्याच बाबतीत आपली बुद्धी अशी का फिरावी?

आता एक दूरची हकीगत ऐका. बंगालच्या उपसागरापलीकडे, थायलंडच्याही पुढे कंबोडिया नावाचा देश आहे. जुने नाव कंबुज. तेथे अंगकोर ही पुरातन राजधानी. बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मा याने तेथे विष्णूचे प्रचंड देऊळ उभारले, तेच अंगकोर वाट. त्याच्या ओवरीत समुद्रमंथनाचा देखावा कोरला आहे. जवळजवळ पन्नास मीटर लांबीच्या भिंतीवर एका बाजूस असुर, एका बाजूस देव, आणि मध्ये साक्षात् आपला विष्णू उभा. आज तेथे बौद्ध भिक्षू वावरतात, लोक बुद्धाला फुले वाहतात, आणि त्याच भिंतीवरच्या विष्णूला डोळ्यांत तेल घालून जपतात.

पण सांगावयाची गोष्ट त्याच राजधानीतील दुसऱ्या देवळाची आहे. त्याचे नाव बाफुओन. अकराव्या शतकातले हे शिवालय. डोंगरासारखे पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेले. बाहेरून दगड, आणि पोटात सगळा मातीवाळूचा भराव. पावसाचे पाणी आत मुरले की वाळू फुगावी, भिंतींवर दाब यावा आणि दगड ढासळावेत, असे शतकानुशतके चालले होते. बाहेरून कितीही डागडुजी केली तरी रोग पोटात होता.

१९६० साली फ्रेंच संशोधकांनी या कामाला हात घातला. सगळे देऊळ उतरवून पोटातून बळकट करावयाचे आणि पुन्हा जसेच्या तसे रचावयाचे, असे ठरले. सुमारे तीन लाख दगड! प्रत्येक दगडाला आकडा घातला, तो कोठला याची कागदावर नोंद केली आणि आजूबाजूच्या रानात दगड मांडून ठेवले. इतक्यात त्या देशात युद्ध पेटले. काम थांबले. १९७५ साली ख्मेर रूज या क्रूर राजवटीचा अंमल आला, माणसांच्या कत्तली झाल्या आणि या देवळाच्या नोंदींचे कागदही नष्ट झाले. रानात तीन लाख दगड, आणि कोणता कोठला हे सांगणारा कागद नाही. झाडे वाढली, शेवाळ चढले.

सज्जनहो, अशा वेळी आपण काय केले असते? "झाले ते झाले, दगड पुष्कळ आहेत, नवे बांधू," असेच ना? तेथे तसे झाले नाही. १९९५ साली काम पुन्हा सुरू झाले. जुने फोटो शोधले, पूर्वीच्या जाणत्यांना विचारले, आणि एकेक दगड हाती घेऊन त्याची जागा शोधू लागले. त्या देवळात दगडांमध्ये चुना घातलेला नव्हता. दगडावर दगड घासून बसविलेला. म्हणून एका दगडाची जागा दुसऱ्याला चालत नाही. दिंडीत जसा ज्याचा त्याचा क्रम, तसे हे. सोळा वर्षे हे काम चालले आणि २०११ साली ते देऊळ पुन्हा उभे राहिले.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, सिमेंट त्यांनीही वापरले. वाळूचा दाब अडविण्यासाठी आत काँक्रीटची भिंत घातली. पण ती पोटात, आधाराला. मिरविण्याची जागा जुन्या दगडाचीच राहिली. म्हणजे सिमेंट हे काही पाप नव्हे. सेवकाने सेवकाच्या जागी राहावे, एवढेच.

दुसरी याहून मोठी. शिवालय उभारल्यावर काही शतकांनी तेथील लोक बौद्ध झाले, आणि त्यांनी त्याच देवळाच्या पश्चिम अंगाला निजलेल्या बुद्धाची सुमारे सत्तर मीटर लांबीची मूर्ती रचली. दगडही त्याच देवळाचे. आता मूळ रूप आणावयाचे तर बुद्ध मोडावा लागेल, बुद्ध ठेवावा तर देवळाचे रूप अपुरे राहील. त्यांनी बुद्ध राखला. ज्या दगडापुढे कोणी एकदा भावाने हात जोडले, तो दगड मोडावयाचा नाही, हा विवेक त्यांनी केला. भेदाभेद हा अमंगळ आहे असे आपण नित्य बोलतो, त्यांनी ते दगडात करून दाखविले.

तेथून समुद्र ओलांडून दक्षिणेस जावा बेटावर चला. तेथे प्रांबानान हे नवव्या शतकातले ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांचे स्थान. मधले शिवाचे देऊळ ४७ मीटर उंच, भिंतींवर रामायण कोरलेले. आसपासची वस्ती बहुतांशी मुसलमान. हे शिवाचे देऊळ कोसळून ढिगारा झाले होते, ते १९५३ साली पुन्हा उभे केले. २००६ साली मोठा भूकंप झाला, देवळांना इजा पोहोचली, तरी त्या लोकांनी नेटाने दुरुस्ती केली. तेथील नियम मोठा कडक आहे. निदान तीन-चतुर्थांश मूळ दगड सापडल्याखेरीज देऊळ पुन्हा रचावयाचे नाही. म्हणून मोठ्या देवळांभोवतीची बहुतेक लहान देवळे अजून दगडांच्या राशीच आहेत. खोटे पुरे करण्यापेक्षा खरे अपुरे बरे! आणि जेथे नवा दगड बसवावाच लागला, तेथे तो कोरावयाचा नाही, साधा ठेवावयाचा. जावातील देवळांत अशा नव्या दगडात शिशाचा बारीक ठिपकाही घालतात. पाहणाऱ्याने ओळखावे की हा मागाहून आलेला. आणि आपल्याकडे? पायरी एक बसवितो आणि तिच्यावर देणगीदाराचे नाव हातभर!

येथे आम्हांस आमचाच अपराध सांगितला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गावच्या दगडी देवळाच्या खांबांना तैलरंग लावण्याचे ठरले. आम्ही पुढाकार घेतला, वर्गणीही दिली. खांब हिरवे-पिवळे झाले, आम्ही धन्य झालो. चार पावसाळे गेले आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागले. पापुद्र्याबरोबर दगडाची कातही निघाली. आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडण्यास वाट राहिली नव्हती. एका खांबावर बाळकृष्णाचे चिमुकले मुख होते, ते गेले. ज्या कारागिराने ते घडविले त्याने आपले नाव कोठे कोरले नव्हते. आम्ही मात्र रंगाच्या पाटीवर आमचे नाव लिहविले होते.

आपल्या पंढरीतही २०२४ साली देवळाच्या जतनाचे काम झाले. मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्श-दर्शन बंद होते. वारकऱ्यांस हुरहूर लागली, ती आम्हांसही लागली. पण मागाहून बसविलेल्या फरश्या निघाल्या, रंगाचे थर निघाले, आणि मूळचा काळा दगड दिसला. ज्या दगडाला आपल्या आज्या-पणज्यांचे हात लागले, तो तेथेच होता. आपणच त्याला झाकले होते.

हे सगळे सांगून झाल्यावर आम्ही त्या गावकऱ्यांस म्हटले, "बाबांनो, नारळ फोडू. पण पाडण्याचा नव्हे. आधी शिखरावरची पिंपळाची रोपटी मुळासकट काढा. पाणी कोठून मुरते ते पाहा, पन्हळी मोकळ्या करा. पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करा, जाणता माणूस आणून खांब दाखवा. दगड हलवावाच लागला तर आधी फोटो काढा, आकडा घाला, आणि वहीच्या दोन प्रती ठेवा. सांध्यात चुना भरा, तैलरंग लावू नका. उरल्या पैशांत शेजारी भजनाला साधा मंडप घाला, तो खुशाल सिमेंटचा असो."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक म्हातारबुवा म्हणाले, "महाराज, पोरं नाराज होतील. त्यांना उंच शिखर पाहिजे." आम्ही म्हटले, "पोरांनाच वही-पेन्सिल द्या. दगड त्यांच्याच हातांनी मोजवा. ज्याने दगड मोजला तो दगड पाडीत नाही."

पुढे त्या गावाने काय ठरविले ते अद्याप कळलेले नाही. येत्या वारीत त्याच वाटेने जाणे आहे, तेव्हा डोळ्यांनी पाहू. पण वाचकहो, आपल्या गावातही असे एखादे देऊळ असेल, त्याच्या फटीत पिंपळाचे रोपटे असेल. ते आज बोटभर आहे, आज हाताने निघते. देवापुढे एक माळ जपल्यावर तेवढी सेवा अवश्य करावी, अशी हात जोडून विनंती आहे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!