समुपदेश कीं श्रवण?

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें परवां घरीं येऊन सांगितलें कीं, बारामती-इंदापूर भागांतील एखाद्या हायस्कुलांत समुपदेशक होऊन मुलांच्या मनावरील ओझें हलकें करावें, अशी तिची इच्छा आहे. इच्छा स्तुत्य खरी. परंतु दुसऱ्याचें दुःख दूर करण्याची इच्छा नेहमींच निःस्वार्थ असते काय, हा प्रश्न तेव्हांपासून आमचा पिच्छा सोडीत नाहीं.

आमच्यापुरतें बोलावयाचें तर उत्तर लाजिरवाणें आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं इंदापुराकडील एक विद्यार्थी परीक्षेच्या भीतीनें व्याकुळ होऊन आमच्याकडे आला. आम्हीं त्यास अर्धा तास धैर्यावर व्याख्यान दिलें. तो नमस्कार करून गेला, तो पुनः आला नाहीं. त्या अर्ध्या तासांत समाधान झालें तें आमचें! 'समुपदेशन' या शब्दांतच 'उपदेश' दडलेला आहे, हा भाषेचा दोष म्हणावा, कीं आम्हां शिक्षकांच्या स्वभावाचा?

बारामतीस आयुष्य घालविलेल्या मोरोपंतांनीं 'केकावलि' रचली. केका म्हणजे मयूराचा टाहो. तो ऐकणारा परमेश्वर आहे, ही कवीची श्रद्धा होती. परंतु नीरेच्या कालव्यावर ऊस पिकवून आपल्यासाठीं फी भरणाऱ्या बापास 'मला हा अभ्यास झेपत नाहीं' एवढेंहि सांगूं न शकणाऱ्या मुलाची केका कोणीं ऐकावी?

कायद्यानें आपलें कर्तव्य थोडेंफार केलें आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता, असें गृहीत धरण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचें ११५ वें कलम सांगतें. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनीं पात्र समुपदेशक नेमावा, असें सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें फर्माविलें. नेमणूक हुकुमानें होईल. विश्वास हुकुमानें उत्पन्न होत नाहीं.

आणि खरी कसोटी विश्वास बसल्यानंतरच लागते. मुलानें सांगितलेलें गुपित आईबापांस कळवावें काय? आमच्या मतें गुपित मुलाचें आहे, आईबापांचें नव्हे. मात्र त्याच्या जीवास धोका दिसतांना मौन पाळणें हें विश्वास राखणें नव्हे, मुलास एकटें टाकणें होय. ही मर्यादा मुलानें तोंड उघडण्यापूर्वींच त्यास स्पष्ट सांगितली पाहिजे. मागाहून सांगितल्यास ती फसवणूक ठरेल.

त्या मुलीस आम्हीं एवढेंच म्हटलें: "बरें झालेलें मूल तुला विसरून मैदानाकडे धांवत सुटेल, त्या दिवशीं तुला वाईट वाटणार नसेल, तर खुशाल जा, बाई." ती कांहीं वेळ गप्प बसली. आम्हींहि, या खेपेस, कांहीं बोललों नाहीं.