आढं कुणाचं?

औसा तालुक्यातल्या एका गावात दोन भावांनी घर वाटून घेतलं. वाटणी पंचांसमोर झाली आणि पंच मोठे काटेकोर. शेत बांधासकट मोजलं, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. तांब्याचा बंब थोरल्याकडे गेला म्हणून पितळेचं घंगाळ धाकट्याकडे आलं. आईचे महिने ठरले: एक थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. घर चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, मधोमध दगडमातीची जाड भिंत आणि त्या भिंतीवर आढं. उगवतीचं पाखं थोरल्याला, मावळतीचं धाकट्याला. कागदावर दोघांनी सह्या केल्या. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये एका घराची दोन घरं झाली. आढं कोणत्या घरात धरायचं, ते मात्र कुणी विचारलं नाही. पंचांनीही नाही, भावांनीही नाही.

या घराचं छप्पर आधी असं नव्हतं. वडिलांच्या काळी त्यावर माळवद होतं. सागवानी नाटांवर फळ्या, त्यावर पाला आणि वर फूट-दोन फूट पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. मृगाच्या आधी वर चढून थोडी माती टाकली आणि चोपली की पावसाची चिंता नाही. मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट झाली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. चार वाजायला थोडा अवकाश असताना भूकंपाने किल्लारीची जमीन हलली आणि त्या मायाळू मातीनेच हजारो माणसं गाडली. या घराचा एकच खण खचला, माणसं वाचली. पण त्यानंतर वडिलांना माळवदाखाली झोप लागेना. त्यांनी माती उतरवली, नाटा विकल्या, पडलेली भिंत पुन्हा उचलली आणि वर सिमेंटचे पत्रे टाकले. लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतात म्हणून सिमेंटचे. छप्पर हलकं झालं. पडलंच तर डोक्यात खोक पडेल, जीव जाणार नाही, असा त्यांचा हिशोब होता आणि तो बरोबर होता.

घर बांधणारा माणूस मागचं संकट डोळ्यांपुढे ठेवूनच बांधतो. पुढचं कसं असेल, हे त्याला कोण सांगणार?

पुढचं आभाळातून आलं. 2014 च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात, विदर्भात आणि त्यापलीकडेही गारपिटीने जो धुमाकूळ घातला, तो ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, हरभऱ्याचे घाटे फुटले, द्राक्षांचे घड तारेवरच चेचले गेले. जनावरं, पाखरं मेली. या गावात दुपारी चारच्या सुमारास मावळतीकडून काळं आभाळ उठलं. आधी धुळीचा लोट, मग चार टपोरे थेंब आणि मग लिंबाएवढ्या गारा. गार लोखंडी पत्र्यावर पडली तर पोचा येतो. सिमेंटचा पत्रा दबत नाही, तो फुटतो, आणि जुना असेल तर लवकर फुटतो. वीस मिनिटांनी सगळं थांबलं तेव्हा धाकट्याच्या घरातून आठ ठिकाणी आभाळ दिसत होतं, थोरल्याच्या घरातून पाच ठिकाणी. आढ्यावरची सांध झाकणारे कोन तर जवळजवळ सगळेच फुटले होते.

दुसऱ्या दिवशी गावात ताडपत्री मिळेना. आठवड्यात पत्र्याचा भाव साडेपाचशेवरून सातशेवर गेला. पंचनामे झाले. गारपीट सरकारच्या आपत्तींच्या यादीत आहे, त्यामुळे पडझडीला मदत मिळते. पण ती ठरीव असते, खर्चाच्या अंदाजपत्रकाप्रमाणे नसते. घराचं निदान 15 टक्के नुकसान दिसावं लागतं. 2022 मध्ये ठरलेल्या निकषांत अशा अंशतः पडझडीला पक्क्या घरामागे 6,500 आणि कच्च्या घरामागे 4,000 रुपये आहेत. तेव्हाच्या निकषांतले आकडे याहून लहान होते. पंचनामा घराचा होतो. थोरल्याच्या पंचनाम्यात त्याचे पाच पत्रे आले, धाकट्याच्या पंचनाम्यात त्याचे आठ. आढं कुणाच्याच पंचनाम्यात आलं नाही.

मिस्त्री आला. जुना माणूस, किल्लारीनंतर या पट्ट्यातली कितीतरी छपरं त्याच्या हातून गेलेली. तो आधी वर चढला नाही. आत उभं राहून भर उन्हात त्याने पत्र्यांच्या पोटाकडे पाहिलं, कारण बारीक चीर वरून दिसत नाही, आतून उजेडाची रेघ दिसते. मग शिडी लावून बोल्टांच्या रांगेवरूनच पाय टाकत वर गेला. सिमेंटच्या पत्र्यावर मधोमध पाय देणारा माणूस सरळ घरात उतरतो. खाली येऊन त्याने हिशोब सांगितला. थोरल्याचं पाखं पत्रे, हूक, मजुरी धरून 5,000. धाकट्याचं 7,600. आणि आढ्याच्या कोनाच्या बारा जोड्या, पावणेदोनशे रुपये जोडी, वर 600 मजुरी, मिळून 2,700.

“हे सत्तावीसशे कुणी द्यायचे?” थोरल्याने विचारलं.

“दोघांनी. साडेतेराशे, साडेतेराशे.”

आपापल्या पाख्याचे पैसे दोघांनी कुरकुर न करता काढले होते. साडेतेराशेवर मात्र घोडं अडलं. थोरला म्हणाला, गारा मावळतीकडून आल्या, मार धाकट्याच्या अंगाने बसला, मग मी कामून देऊ? धाकटा म्हणाला, कोन आणायला वडिलांनी दादालाच पाठवलं होतं, स्वस्तातले त्यानेच आणले. दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं होतं. भांडण लांबतं ते अशाच ठिकाणी. निव्वळ खोट्यावरचं भांडण दोन दिवसांत मिटतं.

मग थोरल्याला एक युक्ती सुचली. आढ्याचा कोन दोन पाकळ्यांत येतो. एक पाकळी या पाख्याच्या पत्र्यावर बसते, दुसरी त्या पाख्याच्या, आणि एकीची गोल कड दुसरीवर चढते. “माझ्या बाजूची पाकळी मी आणतो,” थोरला म्हणाला. “त्याच्या बाजूचं तो बघंल.”

मिस्त्री हसला नाही. “अण्णा, एका पाकळीनं पाणी थांबत न्हाई. जोडीच आणावी लागंल. न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

तेव्हा राहू दिलं. दोन्ही पाखी नवी-जुनी मिळून धड झाली, मधे चाळीस फुटांची फट उरली.

आई त्या महिन्यात धाकट्याकडे होती. ती बाजेवरून वर बघत म्हणाली, “मला महिन्यानं वाटून घेतलाव. आढं तेवढं वाटायचं राहिलं का रे?” कुणी उत्तर दिलं नाही.

पण पाऊस येणार हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघेही हुशार होते. धाकट्याने फटीवर आपल्या बाजूने ताडपत्री ताणली, तिची कड आढ्यावरून पलीकडे सोडली आणि दगड ठेवले. पाणी थोरल्याकडे जावं अशी व्यवस्था. थोरल्याने ते पाहिलं आणि एका सकाळी आपल्या पत्र्यांच्या डोक्यावर सिमेंटची बोटभर उंच वरवंडी ओढली. आता पाणी धाकट्याकडे परतणार. दोघांनीही आपलं काम चोख केलं होतं. पाणी ना इकडे उतरणार होतं, ना तिकडे. ते ताडपत्री आणि वरवंडी यांच्या मधे साचून सरळ खाली, भिंतीत जाणार होतं.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. जून कोरडा गेला, जुलैही जवळजवळ तसाच. पेरण्या रखडल्या, गावावर चिंता पसरली. या दोघांना मात्र मनातल्या मनात बरं वाटत होतं. आढ्यावाचून काही अडलं नाही, उगाच सत्तावीसशे गेले असते. दुष्काळातही माणसाला समाधान मानायला काहीतरी सापडतं.

पोळ्याच्या आसपास तो आला आणि आला तो मुक्कामालाच. चार दिवस दोन्ही घरांत थेंबही गळला नाही. धाकट्याची बायको जावेला परड्यात म्हणाली सुद्धा, “आमच्यात तर कायच गळंना, अक्का.” तिकडेही गळत नव्हतं.

इथे भिंतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गोष्टीचा सगळा भार तिच्यावर आहे. मराठवाड्यातली जुनी दगडी भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण ती एक भिंत नसते. दर्शनी दगडाचा एक थर बाहेरून, एक आतून आणि मधल्या पोकळीत माती आणि खडीगोटे. या दोन थरांना बांधून ठेवायला मधूनमधून आरपार जाणारे लांब दगड घालावे लागतात. बहुतेक घरांत ते नव्हते, म्हणून किल्लारीला भिंती फाकल्या. त्यानंतर इंजिनिअर लोकांनी गावोगाव तेच सांगितलं, आरपार दगड घाला. वडिलांनी पडलेला भाग पुन्हा बांधला तेव्हा त्यात ते घातले. न पडलेल्या भागात कशाला घालतील? तो तर उभाच होता.

पाणी त्या न पडलेल्या भागात शिरलं. मधली माती भिजली, फुगली आणि दोन्ही थरांना बाहेर रेटू लागली. पाचव्या दिवशी धाकट्याच्या बाजूचा गिलावा पोपडे धरून सुटला. थोरल्याला वाटलं, त्याच्याकडे ओल आली, आपली बाजू कोरडी आहे. सहाव्या दिवशी त्याच्या बाजूनेही भिंतीने पोट काढलं. त्या रात्री आई ओरडली म्हणून सगळे उठले. बाजेशेजारचे दगड एकेक करून सुटत होते. दोन्ही घरांतली माणसं पावसात बाहेर अंगणात उभी राहिली. उजाडेपर्यंत पंधरा फूट भिंत दोन्हीकडे ओघळली होती. अर्धे दगड थोरल्याच्या घरात, अर्धे धाकट्याच्या. माणसं सगळी धड होती.

मिस्त्री पुन्हा आला. भिंत पडली की तिच्यावर टेकलेलं छप्पर आधी उतरवावं लागतं. दोन्ही पाख्यांना टेकू दिले, पत्रे काढले. जुने पत्रे बोल्ट सोडवतानाच तडकले, त्यांत मार्चमध्ये शाबूत ठरलेलेही होते. असल्या पत्र्याची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून मिस्त्रीने त्यांवर पाणी मारून मगच हात लावला. असं करणारे मिस्त्री थोडे. पंधरा फुटांची नऊ इंची विटांची भिंत, सिमेंट, वाळू, आठ नवे पत्रे, हूक, मजुरी, राडारोडा वाहून टाकणं. जमीन ओली असल्यामुळे ट्रॅक्टर दारापर्यंत आला नाही, विटा डोक्यावरून आणाव्या लागल्या, त्याचे वेगळे पैसे. हिशोब झाला 43,700.

थोरल्याने विचारलं नाही, हे कुणी द्यायचे. धाकट्यानेही विचारलं नाही. भिंतीचं इकडे-तिकडे करता येत नव्हतं. तिचे दगड दोघांच्याही घरात पडले होते.

“आन् आढं?” मिस्त्री म्हणाला. “ते यात धरलं न्हाई. त्याचे सत्तावीसशे अलग. ते आधी द्या, मग पायाला हात लावतो.”

त्याच दुपारी ते मिळाले. थोरल्याने साडेतेराशे दिले, धाकट्याने साडेतेराशे. सगळे मिळून 46,400. म्हणजे मार्चमध्ये प्रत्येकाचे 1,350 लागत होते, त्या ठिकाणी आता 23,200 लागले. थोरल्याने सोसायटीचं कर्ज काढलं. धाकट्याने एक म्हैस विकली, आणि दुभती म्हैस पावसाळ्यात विकणं म्हणजे काय, ते शेतकऱ्याला समजेल.

भाऊ एक झाले का, असं लोक विचारतात. नाही झाले. अजूनही चुली दोन आहेत, विहिरीच्या पाळीवरून अधूनमधून बोलाचाली होते, बंब आणि घंगाळ यांचा विषयही निघतो. एक मात्र झालं. पाऊस उघडल्यावर त्यांनी त्याच पंचांना बोलावलं आणि वाटणीच्या कागदावर खाली एक कलम वाढवून घेतलं: आढं, मधली भिंत आणि तिचा पाया दोघांच्या सामाईक मालकीचा, दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, नुकसान कोणत्याही दिशेने झालं तरी. ही शेवटची अट थोरल्याने घालायला लावली.

तुमच्याकडे अशी वाटणी झालेली असेल, तर कागद काढा आणि आढं, मधली भिंत, पन्हळ आणि सांडपाण्याची मोरी यांची नावं त्यात आहेत का, ते बघा. नसतील तर मृगाच्या आधी घालून घ्या. कागद होतो तेव्हा त्या एका ओळीचे वेगळे पैसे पडत नाहीत.