दाराआडचे मूल

वाचनासाठी शास्त्रभाग : योहान, अध्याय 9, वचने 1 ते 7



वाटेत जन्मांध मनुष्य दिसला तेव्हा शिष्यांनी प्रभूला त्याच्या भुकेविषयी विचारले नाही, की त्याच्या नावाविषयी विचारले नाही. पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, एवढेच त्यांस जाणून घ्यावयाचे होते. प्रभूने दोघांवरचाही दोष काढून टाकिला, आणि लगेच खाली वाकून मातीस हात घातला. शिष्य कारण शोधीत होते. गुरू कामास लागला होता.

हा प्रश्न यरुशलेमेतच राहिला नाही. आमच्या कोकणातही तो पुष्कळ वर्षे विचारला गेला. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखच्या जोशी कुटुंबातील गोदूबाई ही बालवयातच लग्न होऊन थोड्याच महिन्यांत विधवा झाली. अशा मुलीविषयी लोकांचा निवाडा ठरलेला असे : पूर्वजन्मीचे पाप. 1889 साली मार्चच्या 11 तारखेस पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा गोदूबाईच्या भावाने तीस तेथे आणिले. त्या शाळेतील ती पहिली विधवा विद्यार्थिनी होय. पाप कोणाचे हे तेथे कोणी विचारले नाही; तिच्या हाती पाटी दिली.

1893 साली तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्वे हेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच. त्यांच्या मुरुड गावाने त्यांजवर बहिष्कार घातला. तरी 1896 साली त्यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. हे दांपत्य आपल्या मंडळीत आले नाही, हे आम्ही जाणतो. परंतु जो शिक्षक विद्यार्थ्यास शिकविण्यापूर्वी हा पुढे आपला होईल काय असे मोजतो, त्याने अजून शिकविण्यास आरंभच केला नाही. एका पाटीपासून किती घरांत दिवा लागेल, हे पेरणाऱ्यास कळत नसते.

आता त्या शिक्षिकेकडे पाहू. रमाबाई 1883 साली इंग्लंडास गेल्या त्या वैद्यक शिकावे ह्या हेतूने. परंतु कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग त्यांस बंद झाला. त्यांनी दुसरा धरिला. पुढे अमेरिकेत त्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण शिकल्या व मराठी मुलींसाठी वाचनाची पुस्तके तयार करू लागल्या. स्वतःच्या देहातील उणीव त्यांनी कोपऱ्यात बसण्याचे निमित्त केले नाही. 1897 सालच्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली व स्त्रिया आणिल्या. 1900 सालच्या दुष्काळात गुजरातेतूनही आणिल्या. केडगावच्या मुक्ती सदनात आंधळ्याही आल्या. त्यांच्या घरास बार्तीमी सदन हे नाव मिळाले, ते यरीहोच्या वाटेवर हाक मारणाऱ्या बार्तीमयावरून. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आली होती. तिने त्यांस बोटांनी वाचावयास शिकविले. ही लिपी सहा ठिपक्यांची. फ्रान्सातील लुई ब्रेल बालपणी बापाच्या कारखान्यातील आरीने जखमी होऊन अंध झाला, आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याने ती रचिली.

येथे आम्हांस आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे. एका वाडीत आम्ही शब्बाथशाळेसाठी मुलांची नावे लिहीत होतो. एका घरी दोन मुलगे सांगितले, दोन लिहिले. दाराआड तिसरे मूल बसले होते. त्यास दिसत नव्हते. आईने त्याचे नाव सांगितले नाही, आणि आम्हीही विचारिले नाही. प्रार्थना करून आम्ही उठलो. त्या दिवशी शिष्यांइतकाही प्रश्न आमच्या तोंडून निघाला नाही. पुढच्या खेपेस गेलो तो ते कुटुंब कामासाठी दुसरीकडे गेलेले. ते नाव आमच्या वहीत आजही कोरेच आहे.

म्हणून सुवार्तिक बंधूंनो, वडीलजनहो, घरोघरी जाल तेव्हा किती मुले शाळेत जातात एवढेच विचारू नका. किती जात नाहीत, हे विचारा. जे ऐकत नाही, ज्यास उशिरा समजते, ज्यास फेफरे येते, ज्याचा बाप नाही, त्याचे नाव प्रथम लिहा. आईबाप लाजेने बोलत नसतील तर दोष त्यांच्या माथी मारू नका. तो प्रभूने काढिला आहे. त्यांस सांगा की 2016 सालच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याप्रमाणे, ज्यांचे अपंगत्व शेकडा 40 वा अधिक ठरले आहे अशा 6 ते 18 वर्षांच्या मुलांस विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. दाखल्यासाठी सरकारी इस्पितळात जाणे त्यांस कठीण वाटेल. तेव्हा पत्ता सांगून परतू नका, त्यांजबरोबर जा.

प्रभूने त्या अंधास शिलोहाच्या तळ्याकडे पाठविले. आज वाटेवर त्याचा हात धरणारे आपण असावे, आणि पुढच्या रविवारी आपल्या वहीत एक तरी नवे नाव असावे, अशी कृपा देव आपणां सर्वांस देवो. आमेन.