आगगाडी आणि उतारूचें ऋण

देश आगगाडीच्या वेगानें पुढें चालला आहे, असें वाक्य कानीं पडलें कीं आपण समाधानानें मान डोलावतों. या उपमेची एक बाजू मात्र सहसा तपासली जात नाहीं. आगगाडींत चालते ती गाडी. उतारू बसलेलाच असतो. निजलेल्या मनुष्यासही जागें झाल्यावर आपण मोठी मजल मारली असें वाटतें. मग ही मजल मारली कोणी?

16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली, तेव्हां तोफांची सलामी झडली व सुमारें 400 निमंत्रित मंडळी डब्यांत बसली होती. दहा वर्षांनीं, 1863 मध्यें, बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. सह्याद्रीचा कातळ फोडून तेथें 25 बोगदे खोदावे लागले. सुरुंग लावणारे व पाट्या वाहणारे हजारों मजूर अपघातांनीं आणि पटकीनें त्या घाटांतच संपले. बोगद्यांचे आंकडे इतिहासांत राहिले. त्या मजुरांचीं नांवें राहिलीं नाहींत.

आम्ही आगगाडीचे वैरी नव्हे. सोंवळें-ओंवळें पाळणाऱ्या समाजास तिनें एका बांकावर बसविलें, हें उपदेशकांसही साधलें नव्हतें. गांधीजींनीं 1909 सालीं ‘हिंद स्वराज्य’मध्यें रेल्वेवर कठोर टीका केली, पण पुढें देश पाहिला तो तिच्याच तिसऱ्या वर्गांतून. दोष यंत्राचा नाहीं. आपण बसलों म्हणजे सारेच बसले, या आपल्या समजुतीचा आहे.

या समजुतीची किंमत आपण 8 मे 2020 रोजीं पाहिली. टाळेबंदींत काम सुटलेले कांहीं मजूर गांवीं जाण्यासाठीं जालन्याहून भुसावळकडे पायीं निघाले होते. गाड्या बंद आहेत असें समजून ते करमाडजवळ रुळांवर निजले, आणि पहाटे मालगाडीखालीं त्यांपैकीं 16 जण ठार झाले.

देव, ऋषि व पितर यांचीं ऋणें आपण मानतों. रूळ घालणाऱ्याचें ऋण मात्र तिकिटाच्या पैशांत फिटलें असें धरून चालतों. तें तसें फिटत नाहीं. नवा मार्ग, नवें यंत्र, नवी योजना यांचें स्वागत आपण अवश्य करावें. पण गाडीचा वेग विचारण्यापूर्वीं, तिच्या वाटेवर अजून पायीं चालणारा कोण आहे, हें विचारण्याची संवय सुशिक्षितांनीं स्वतःस लावून घ्यावी. तेवढें केलें तरच उतारूलाही आपण पुढें गेलों असें म्हणण्याचा अधिकार पोंचतो.