बघणारं कोणी नसताना

यवतमाळ जिल्ह्यातून मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली, की कागदपत्रांच्या यादीत एक ओळ न लिहिताच धरलेली असते. पासपोर्ट, व्हिसा, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र आणि कळंबच्या चिंतामणीला नारळ. तिथलं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून कुंडापाशी जावं लागतं. आकाशात उडायच्या आधी जमिनीत उतरायचं, असा हा आमच्याकडचा क्रम. बौद्ध घरातला मुलगा विहारात वंदना घेऊन निघतो, बंजारा कुटुंब पोहरादेवीला जाऊन येतं, आणि आर्णीला बाबा कंबलपोशांच्या दर्ग्यावर माथा टेकवणारे सगळे मुसलमानच असतात असं नाही. हे सगळं उरकलं की घरातलं कोणीतरी तो प्रश्न हळूच विचारतंच: "तिकडं जाऊन पोट्टं बिघडन तं नाही ना?"

हल्ली हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त घरांत विचारला जातो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. राजू केंद्रे यांनी यवतमाळमध्ये सुरू केलेल्या 'एकलव्य'सारख्या संस्थेने पहिल्या पिढीच्या मुलांना मोठ्या विद्यापीठांचे अर्ज भरायला शिकवलं. कापूस-सोयाबीनच्या घरातली मुलं लंडनला, जर्मनीला जाऊ लागली. शेत गहाण ठेवून गेलेलीही आहेत. एवढं पणाला लावल्यावर आईबापांना काळजी वाटणारच. पण ती बिघडण्याची काळजी मला चुकीच्या ठिकाणी लागलेली वाटते.

गावातली श्रद्धा बरीचशी गावच सांभाळतं. एकादशी कधी आहे ते आईला ठाऊक असतं, श्रावणात काय शिजवायचं नाही ते आजीला. नवरात्रात यवतमाळचे रस्ते दुर्गोत्सवाच्या गर्दीने असे भरून जातात, की देवीवर श्रद्धा असो वा नसो, घराबाहेर पडलेला माणूस मंडपांसमोरूनच चालतो. मुलाने यातलं काही ठरवलेलं नसतं. त्याने फक्त नाही म्हटलेलं नसतं. परदेशातल्या खोलीत आई नाही, आजी नाही, रस्त्यावर गर्दी नाही, आणि मुख्य म्हणजे बघणारं कोणी नाही. तिथे जे गळून पडतं ते परदेशाने हिरावून नेलं असं आपण म्हणतो. पण ते मुळात त्याचं होतं का, हे कोणी विचारत नाही.

या बाबतीत मला सारखे विठ्ठल रामजी शिंदे आठवतात. जमखंडीचे, म्हणजे आता कर्नाटकात गेलेल्या गावचे. जन्म 1873 चा, घर वारकरी वळणाचं. फर्ग्युसनमधून बी.ए. झाले, मुंबईत कायदा शिकता शिकता एकेश्वरवादी प्रार्थना समाजात ओढले गेले, आणि 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करायला गेले. शिष्यवृत्ती युनिटेरियन पंथाच्या लोकांनी दिली होती. हे ख्रिस्ती लोक त्रैक्य मानत नाहीत, एकच देव मानतात. सयाजीराव गायकवाडांचाही हात पाठीवर होता. त्या काळात साहेबाच्या देशात ख्रिस्ती पैशावर धर्म शिकायला जाणं म्हणजे गावाच्या हिशेबात मुलगा गेल्यातच जमा. पंडिता रमाबाईंचा 1883 सालचा बाप्तिस्मा लोक विसरले नव्हते. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असं बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत सांगून अमेरिकेला गेल्या होत्या. एकाच वर्षी समुद्रापार गेलेल्या दोन बायका, आणि दोघींचं असं वेगळं झालं. तेव्हा दोष समुद्राचा नसावा.

शिंदे ज्या कॉलेजात गेले त्याची जन्मकथा जाणून घेण्यासारखी आहे. अधिकृत चर्चची मतं न मानणाऱ्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं बंद होती, म्हणून अशा लोकांनी 1786 साली मँचेस्टरात आपलं कॉलेज काढलं. विद्यापीठांतली धर्मपरीक्षेची अट 1871 च्या कायद्याने बहुतांशी उठली आणि पुढे हे कॉलेज ऑक्सफर्डला आलं. म्हणजे जिथे जमखंडीच्या मुलाला 'तू कोणत्या धर्माचा' हे न विचारता शिकवलं जात होतं, तिथल्या लोकांच्या वाडवडिलांना तोच प्रश्न विचारून बाहेर ठेवलेलं होतं. पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर राहिलेल्यांनी बांधलेलं घर होतं ते. अस्पृश्यतेच्या प्रश्नाला पुढे आयुष्य वाहणारा माणूस नेमका अशा घरात शिकला, याला मी योगायोगापेक्षा थोडं अधिक महत्त्व देतो.

तिथे त्यांना तुलनात्मक धर्म शिकवायला एस्टलिन कार्पेंटर होते. स्वतः पालीचे जाणकार, दीघनिकायाच्या संपादकांपैकी एक. बुद्धाची भाषा ज्या देशात जन्मली तिथून कोणी ऑक्सफर्डला जावं आणि एका इंग्रज गृहस्थाकडून बुद्ध समजून घ्यावा, यात लाज वाटण्यासारखंही काही आहे आणि आनंद वाटण्यासारखंही. शिंद्यांना बहुधा आनंदच वाटला असावा. शिक्षण चालू असताना ते स्कॉटलंडात हिंडले, पॅरिस पाहून आले, आणि प्रार्थना समाजाच्या 'सुबोधपत्रिके'च्या वाचकांसाठी प्रवासाची पत्रं लिहीत राहिले. सप्टेंबर 1903 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला उदार धर्मविचाराच्या लोकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्माविषयी निबंध वाचला. त्यांच्या प्रवासात एक गोष्ट दिसते. देऊळ असो की चर्च, त्यांची नजर प्रार्थना संपल्यावर ही माणसं कुठे जातात तिकडे असते. युनिटेरियन मंडळी गरीब वस्त्यांतून काम करत, ते त्यांनी जवळून पाहिलं. प्रवासाला गेलेल्या माणसाने काय पाहिलं त्यापेक्षा तो कुठे थांबला यावरून त्याची श्रद्धा जास्त कळते, असं मला वाटतं.

आता आजच्या काळाकडे येतो. माझी एक भाची जर्मनीत शिकते. नवरात्रात आईचा फोन: "उपास धरला का व?" धरला होता. तिकडच्या आशियाई दुकानात साबुदाणा मिळाला, पण तो जाड टपोरा, रात्रभर भिजवून खिचडीचा गोळा झाला. दाण्याचा कूट तिने लाटण्याने केला. तिची खोलीतली मैत्रीण मोरोक्कोची, रमजानात दिवसभर पाण्याचा थेंबही न घेणारी. तिने विचारलं, उपासात तुम्ही काय खाता? भाचीने यादी सांगितली: साबुदाणा, बटाटा, भगर, शेंगदाणे, केळी, दही, दूध, खजूर. ती मुलगी शांतपणे म्हणाली, म्हणजे उपास नेमका कशाचा? भाचीला उत्तर देता येईना. घरी हा प्रश्न कोणी विचारला असता तर ती रागावली असती. पण ही मैत्रीण टिंगल करत नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मग दोघी रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्या: भूक कशासाठी, कुणासाठी, आणि आपण नाही केलं तर नक्की काय होतं. दुसऱ्या वर्षी भाचीने नऊ दिवसांऐवजी एकच दिवस धरला, आणि तो मात्र निव्वळ पाण्यावर. आईला हे बिघडणं वाटलं. माझ्या मते तिने पहिल्यांदाच उपास केला.

सगळ्यांचं असं होतं असा माझा दावा नाही. परदेशात श्रद्धा घट्टही होते, आणि कधी कधी ती घट्ट होणं मला विरघळण्यापेक्षा जास्त खटकतं. घरी देवाला कधी हात न जोडलेला मुलगा तिकडे गणेशोत्सवाच्या मंडळाचा कार्यकर्ता होतो, ढोलपथक काढतो, त्यात मला काही वाईट दिसत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, आणि परक्या थंडीत मराठी बोलणारी चार माणसं भेटणं ही लहान गोष्ट नाही. पण त्याच घोळक्यात नव्या मुलाला 'पूर्ण नाव काय?' असं विचारून आडनावाची वाट पाहणारेही असतात. सिएटल शहराला 2023 साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगीच नाही. पासपोर्टवर जातीचा रकाना नसतो, पण ती विमानात बसते. श्रद्धेसोबत काय काय सामान चढवलं गेलं, हे उतरल्यावरच कळतं.

आणि याच्या नेमकं उलट एक चित्र आहे. लंडनला किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. 1921-22 च्या सुमारास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. आंबेडकर तिथे राहत. राज्य सरकारने 2015 साली ते विकत घेतलं. विदर्भातून शिकायला गेलेली बौद्ध मुलं पहिल्या सुट्टीत बिग बेनआधी तिथे जातात. हे पर्यटन की तीर्थयात्रा? मला फरक करता येत नाही, आणि करायची गरजही वाटत नाही. ज्या घरात एका विद्यार्थ्याने अभ्यास केला तेच श्रद्धास्थान व्हावं, अशी उदाहरणं जगात फार नसतील.

आपण नेहमी यवतमाळहून जाणाऱ्यांचाच विचार करतो. पण यवतमाळ हेही कोणासाठी तरी परदेश होतं. 1953 साली इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि 1983 साली पुण्याला जाईपर्यंत ती इथेच होती. तीस वर्षं ईशान्येकडच्या डोंगरांतली, केरळातली तरुण मुलं धर्मशास्त्र शिकायला या कापसाच्या गावी येत. डोंगरातल्या मुलाने मूर्तिजापूरला उतरून 'शकुंतला' या छोट्या रेल्वेच्या अरुंद डब्यात बसावं (तिचं इंजिन 1921 सालचं, मँचेस्टरचंच, आणि ते 1994 पर्यंत धावलं), मेच्या उन्हात यवतमाळच्या स्टेशनवर पाय ठेवावा, भाषा कळू नये, जेवण तिखट लागावं. त्याच्याही आईने निघताना काही विचारलं असेलच. त्या मुलांनी या गावाकडे कसं पाहिलं, हे आम्ही गावकऱ्यांनी कधी विचारलं नाही. सेमिनरी होती हेही आता जुन्या लोकांनाच आठवतं. पाहुण्याच्या श्रद्धेबद्दल कुतूहल असणं हाही शिक्षणाचाच भाग, आणि त्यात आम्ही काठावरही पास नाही.

पुन्हा शिंद्यांकडे येतो. ते 1903 साली मुंबईला परतले. बाप्तिस्मा घेतला नव्हता, एकेश्वरवादी होते तसेच राहिले. गावाच्या कसोटीवर पोरगं बिघडलं नाही. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकावा अशी परिस्थिती. पण ते प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून हिंडू लागले आणि 1905 साली अहमदनगरजवळ भिंगारला अस्पृश्य मंडळींच्या रात्रीच्या सभेत गेले. तिथून पुढे त्यांना गिरगावातली रविवारची उपासना पुरेना. 18 ऑक्टोबर 1906 ला परळच्या मोरारजी वालजींच्या बंगल्यात त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची अस्पृश्य मुलांसाठीची पहिली शाळा काढली. बहीण जनाक्काही कामाला लागली. श्रद्धा बिघडण्याची भीती घालणाऱ्यांना हा धोका कधी सुचतच नाही: मुलगा श्रद्धा सोडणार नाही, उलट ती खरीच मानू लागेल, आणि मग आपल्याकडे हिशेब मागेल. प्रार्थना समाजातल्या ज्या उदार मंडळींनी त्यांना ऑक्सफर्डला पाठवायला मदत केली, त्यांनाही हा हिशेब जड गेला. 1910 साली शिंद्यांनी प्रार्थना समाजाचं प्रचारकपद सोडलं. मंडळीचं काम मात्र चालूच राहिलं.