आपण नाही बुवा त्यातले!

दुसऱ्याला अक्कल नाही हे सिद्ध होताना पाहण्यासारखं सुख नाही. ते घरच्या कोचावर पाय वर घेऊन, शेंगदाणे खात खात पाहायला मिळालं तर विचारूच नका.

परवा मुलगा म्हणाला, "बाबा, 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' बघा. तुमच्या पुण्याच्या रजनीशांवर आहे." २०१८ सालचा हा माहितीपट सहा भागांचा आहे. 'तुमच्या' हा शब्द मला खटकला. १९७४ साली कोरेगाव पार्कात आश्रम निघाला तेव्हा मी सदाशिव पेठेत पाढे पाठ करत होतो. भगव्या कपड्यांतलं गोरं जोडपं हातात हात घालून समोरून आलं, की आई माझी मान धरून दुकानाच्या पाटीकडे वळवायची. पाट्या वाचायची सवय मला तेव्हाची.

१९८१ साली हे सारं बिऱ्हाड अमेरिकेत ऑरेगन राज्यात गेलं. चौसष्ट हजार एकर माळरान घेतलं. शेजारी अँटेलोप नावाचं जेमतेम पन्नासएक वस्तीचं गाव. शिष्यांनी त्या माळावर धरण बांधलं, रस्ते केले, शेती पिकवली, विमानाची धावपट्टी काढली आणि 'रजनीशपुरम' नावाचं शहर उभं केलं.

"आणि आपल्या सोसायटीच्या टाकीची गळती थांबत नाही," सौभाग्यवती म्हणाल्या.

मग भगवानांच्या रोल्स रॉइस नव्वदीच्या पुढे गेल्या, आणि कारभार बडोद्याच्या शीला पटेल नावाच्या सेक्रेटरीच्या मुठीत गेला. अँटेलोपची नगरपालिका ताब्यात आली, गावाचं नावच 'रजनीश' झालं. १९८४ च्या काउंटीच्या निवडणुकीसाठी शहराशहरांतून बेघर माणसं बसमध्ये घालून आणली. विरोधी मतदार घरीच पडून राहावेत म्हणून द डॅल्स गावातल्या दहा हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. ७५१ माणसं आजारी पडली. नशीब, मेलं कोणी नाही.

"तरी मी सांगत असते, बाहेरची कोशिंबीर खाऊ नये," इति सौभाग्यवती.

१९८५ च्या सप्टेंबरात शीला युरोपात निघून गेली, आणि गुरूंनी सगळ्या पापांचं खापर तिच्यावर फोडलं. पुढे ती तुरुंगात गेली. गुरूंनाही अटक झाली, दंड भरून देश सोडावा लागला. १९८७ साली ते पुण्यात परतले आणि १९९० साली इथेच वारले. तिकडे शहर ओस पडलं, गावाला जुनं नाव परत मिळालं.

पाच भाग होईपर्यंत मी "काय माणसं असतात!" हे वाक्य किमान चाळीस वेळा म्हटलं असेल. वकील काय, इंजिनिअर काय, शिकलेसवरलेले लोक! आपण नाही बुवा त्यातले!

मग गुरूंचे एक वकीलसाहेब पडद्यावर आले. आता म्हातारे झालेले. मला वाटलं, फसवणुकीबद्दल बोलतील. तर ते गुरूंच्या आठवणीने रडायला लागले. तीसएक वर्षांनंतरही! माझ्या तोंडातला शेंगदाणा तोंडातच राहिला.

त्याच वेळी सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, आपल्या त्या वॉचमनचं पुढे काय झालं हो?"

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सोसायटीचे चेअरमन, ज्यांना आम्ही 'साहेब' म्हणतो, माणूस मोठा कर्तबगार. लिफ्ट चालू केली, पाण्याचा टँकर आणला, माझ्या न्हाणीघराची गळती (टाकीची नव्हे!) स्वतः उभं राहून थांबवली. एके सकाळी कुणाची तरी सायकल दिसेना. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "रात्री दोन वाजता वॉचमन गेटवर नव्हता. त्याला काढावं. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

रात्री दोन वाजता तो माझ्या आईसाठी रिक्षा शोधायला गेला होता. तिला दम लागला होता आणि मीच त्याला पाठवलं होतं. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. सगळे हात वर गेले. माझाही गेला.

आठ दिवसांनी सायकल क्लासच्या जिन्याखाली सापडली. पोरगा विसरला होता.

मला कुणी मंत्र दिला नव्हता की गळ्यात माळ घातली नव्हती. फक्त गळती थांबवून दिली होती. आपल्याला वाटतं, अशा गोष्टींची सुरुवात सॅलडच्या जंतूंपासून होते. छे! सुरुवात धरणापासून होते. आधी खरोखरच चांगलं काम होतं, मग आपण उपकाराखाली येतो, आणि मग प्रश्न विचारणं म्हणजे कृतघ्नपणा वाटायला लागतो. शिवाय दुसरा कुणी ठरवतोय म्हटल्यावर आपलं डोकं कसं हलकं हलकं होतं! जंतू मिसळणारे हात मूठभरच होते. हजारोंना त्याचा पत्ताही नव्हता. ते निर्दोष का? असतीलही. पण मला तर पत्ता होता.

वॉचमनचा नंबर शोधला. फोनमध्ये 'वॉचमन' एवढंच लिहिलेलं होतं. लावला, तर बंद. आई त्याला नावाने हाक मारायची. ती आता नाही.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. साहेबांनी टाकीचा ठराव मांडला. मी हात वर केला.

"वा! अनुमोदन मिळालं," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

"अनुमोदन नाही," मी म्हटलं. "सहा वर्षांपूर्वीच्या मीटिंगबद्दल थोडं बोलायचंय."

खोलीत एकदम शांतता पसरली. साहेब हसून म्हणाले, "बोला की. पण आधी हात तरी खाली घ्या."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हात अजून वरच होता.